दिवाणखान्यातील अदृश्य कळा

नभोवाणीचे यंत्र आपल्या घरांत प्रथम आले ते लाकडी पेटीच्या वेषात. तिच्या दर्शनी भागावर दोन-चार ठसठशीत खुंट्या असत. एक पिळली की आवाज चढे, दुसरी पिळली की काटा सरके व निराळे स्थानक लागे. कोणती खुंटी कशाची, हे घरातील आजोबांना अंधारातही हाताला कळत असे. आज त्याच दिवाणखान्यात असे एखादे वाद्ययंत्र दृष्टीस पडते की, ज्यावर कोठेही खुंटी नाही, कळ नाही, एक अक्षरसुद्धा नाही. पाहुणा त्याला एक प्रदक्षिणा घालतो आणि अखेर यजमानांच्या दहा वर्षांच्या चिरंजिवांना शरण जातो. कळा नाहीशा झाल्या आहेत असे मात्र नव्हे. त्या दडविल्या आहेत. हे दडविण्याचे शास्त्र मोठे मनोरंजक आहे, व त्यात आपल्यासारख्या मोठ्या कुटुंबांनी विचार करावा असेही पुष्कळ आहे.

स्पर्शाने चालणाऱ्या कळेचे मूळ शोधू गेल्यास आपण १९२० साली रशियात जाऊन पोहोचतो. लेव्ह तेर्मेन नावाच्या पदार्थविज्ञानवेत्त्याने तेव्हा एक वाद्य सिद्ध केले. वादकाने त्याला मुळीच हात लावावयाचा नाही. एक हात उभ्या दांडीजवळ आणला की स्वर चढतो, दुसरा हात आडव्या कडीजवळ नेला की आवाज मंदावतो. आपले शरीर विद्युत्भार साठवू शकते, व धातूच्या पट्टीजवळ ते आले की त्या पट्टीची भार साठविण्याची शक्तीही किंचित वाढते, एवढेच त्यातील रहस्य. आजच्या यंत्रात काचेखाली किंवा पातळ लाकडाखाली तांब्याचा लहानसा तुकडा बसविलेला असतो व एक सूक्ष्म मंडल त्याचा भार सेकंदातून अनेक वेळा मोजीत राहते. बोट जवळ आले की मोजमाप बदलते, आणि यंत्र समजते की धनी आला.

मात्र कोणत्या पदार्थामागे कळ दडवावी याला मर्यादा आहेत. काच, लाकूड, प्लॅस्टिक यांतून बोटाचा हा परिणाम पोहोचतो. धातूचा अखंड पत्रा आड आला की तो अडतो. म्हणून धातूच्या देखण्या कवचात स्पर्शाची कळ बसवावयाची तर कारागिराला खिडकी ठेवावी लागते किंवा निराळी युक्ती योजावी लागते. लाकडाची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण लाकूड दमट हवेत पाणी शोषून घेते व मूळचे मोजमापच ढळते. कोकणातील किंवा मुंबईतील आषाढ-श्रावणात असे यंत्र नीट चालावे असे वाटत असेल, तर हवेमुळे हळूहळू झालेला फरक व बोटामुळे एकाएकी झालेला फरक हे दोन्ही त्याला वेगळे ओळखता आले पाहिजेत. ओल्या हाताने स्वयंपाकघरातून आलेल्या गृहिणीची तक्रारही याच जातीची: पाण्याचा थेंब कित्येकदा बोटाचे सोंग घेतो.

दुरून हुकूम सोडण्याची हौसही नवी नव्हे. अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३९ च्या आपल्या नभोवाणी-यंत्रांबरोबर एक सुटी लाकडी पेटी दिली होती. तिच्यावर टेलिफोनसारखी चकती असे. ती फिरवली की तारेवाचून, रेडिओच्या लहरींनीच, पलीकडच्या यंत्राचे स्थानक बदले. पुढे दूरचित्रवाणीसाठी झेनिथ कंपनीने १९५५ साली प्रकाशाच्या झोताने चालणारे साधन काढले. पण त्यावर सूर्याचे ऊन पडले तरी ते चाळवे! दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीतील रॉबर्ट अॅडलर यांनी अॅल्युमिनियमच्या बारीक दांड्यांवर हातोडी आपटून माणसाला ऐकू न येणारा ध्वनी काढण्याची योजना आणली. तिला बॅटरीसुद्धा लागत नसे. आजचा रिमोट बहुधा अवरक्त किरणांवर चालतो. हे किरण सूर्याच्या उन्हातही असतात. म्हणून रिमोटमधला दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो आणि यंत्र त्याच तालाला ओ देते. हे किरण लाकडातून जात नाहीत, पण डोळ्याला काळ्याभोर दिसणाऱ्या विशिष्ट प्लॅस्टिकमधून सहज जातात. यंत्राच्या कडेला जी निरुद्योगी काळी पट्टी दिसते, ती बहुधा हीच खिडकी असते.

या कलेत डेन्मार्कमधील स्त्रुअर गावच्या बँग आणि ओलुफसेन या १९२५ साली स्थापन झालेल्या कंपनीने मोठे नाव मिळविले. तिच्यासाठी याकोब येन्सन यांनी आखलेला १९७६ चा 'बेओमास्टर १९००' पाहावा. त्यात रोज लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे आवाज व स्थानक, दर्शनी पट्टीवर नुसत्या स्पर्शाने चालत. क्वचित लागणाऱ्या कळा बिजागरीच्या झाकणाखाली ठेवल्या होत्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९७८ साली येन्सन यांच्या या यंत्रांचे प्रदर्शन भरविले. याच्या अगदी उलट वृत्ती जर्मनीतील ब्राउन कंपनीची. तिच्या १९५६ च्या फोनोला डीटर राम्स व हान्स गुगेलोट यांनी पारदर्शक झाकण घातले व साऱ्या कळा उघड्यावर मांडल्या. दोन्ही यंत्रे देखणी आहेत. तरीही मला येन्सन यांची विभागणी अधिक पटते. आपल्या आज्यांनी रोजच्या मसाल्याचा डबा हाताशी व सणाची भांडी माळ्यावर ठेवली, ती याच बुद्धीने.

अलीकडे मात्र झाकणाखालच्या कळांबरोबर रोजच्या कळाही गुप्त करण्याची चढाओढ लागली आहे, आणि येथे माझा विरोध आहे. खुंटीला आकार असतो, ती किती फिरली हे बोटाला उमगते. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच उत्तर मिळत नाही. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्या वडीलधाऱ्यांनी, किंवा अंध आप्ताने, काय करावे? रिमोट हाच उपाय म्हणावा, तर तो नेमका नातवंडांच्या अंथरुणात सापडतो. पहाटे भक्तिसंगीत लावण्यासाठी सुनेला किंवा मुलाला उठवावे लागणे हे त्या वडीलधाऱ्यांना किती लागते, हे यंत्र आखणाऱ्याला ठाऊक नसावे. एकट्या तरुण रसिकाच्या खोलीसाठी जे योग्य, ते आठ माणसांच्या घरात गैरसोयीचे ठरू शकते.

खरेदीपूर्वी दुकानात एक परीक्षा अवश्य करावी. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला बरोबर न्यावे, दुकानदाराला गप्प राहण्याची विनंती करावी, आणि आवाज कमी करणे व यंत्र बंद करणे या दोन गोष्टी त्या व्यक्तीला साधतात का ते पाहावे. वीज जाऊन आल्यावर यंत्र पूर्वीच्याच आवाजावर सुरू होते की एकदम गर्जना करते, हेही विचारून घ्यावे. यंत्र घरी आधीच आले असेल, तर दडलेल्या कळेच्या जागी नखांना लावावयाच्या रंगाचा एक जाडसर ठिपका द्यावा व तो वाळू द्यावा. त्यातून स्पर्श पोहोचतो, आणि बोटाला जागा सापडते. येन्सन यांच्या पंथातील कारागिराला तो ठिपका पाहून वाईट वाटेल, एवढेच.