वीस रुपयांची वाचनखूण

फलकावर आजचा विषय वाचून दोघातिघांनी दारातच आम्हाला गाठलं. म्हणाले, तत्त्वज्ञानाच्या बाई आणि क्रोशाच्या वाचनखुणा, हे काय प्रकरण आहे? प्रकरण आहे खरं. पण ते सांगायच्या आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगायला हवं. आम्ही म्हणजे भाईंदर पश्चिमेच्या एका सोसायटीतल्या सहाजणी. सगळ्या साठीच्या पुढच्या, दोघी सत्तरीच्या पलीकडे. एकीने जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, तीच आज सगळ्यांच्या वतीने इथे उभी आहे. बाकीच्यांनी बँक, शाळा, पोळीभाजी केंद्र आणि संसार सांभाळला. दुपारी चार ते सहा आम्ही एकत्र बसून विणतो. क्रोशाच्या पट्ट्या. पुस्तकात घालायच्या.

पुस्तकात खूण ठेवायला पैसे मोजावे लागतात हे आमच्या पिढीला ठाऊकच नव्हतं. बसचं तिकीट चालायचं, लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा चालायचा. मोरपीस ठेवलं की त्याला पिल्लं होतात अशी ठाम समजूत होती. आणि पिंपळाचं पान! ते पुस्तकात दाबून ठेवायचं, विसरून जायचं, आणि कधीतरी पान उलटताना त्याची नुसती जाळी हाती लागायची. क्रोशाची पट्टी विणताना आम्हाला हटकून त्या पिंपळपानाची आठवण होते. दोन्हींत भोकंच जास्त. पण म्हणूनच ती खूण पुस्तकाला जड होत नाही.

आता हे काम चालतं कसं ते बघू. क्रोशे हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लहानसा आकडा. सुई एकच, तिच्या टोकाला आकडा. दोन सुयांच्या विणकामात, म्हणजे स्वेटर विणताना, एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. एक निसटला की खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात तसं नाही. प्रत्येक टाका तिथल्या तिथे बंद होतो आणि सुईवर उरतो फक्त एक फास. त्यामुळे काम कुठेही थांबवता येतं. आमच्यातल्या बँकवालीने नोकरीच्या दिवसांत भाईंदर लोकलमध्ये बसून कितीतरी तोरणं विणली. चर्चगेट आलं की उरलेल्या फासात सेफ्टी पिन अडकवायची आणि उतरायचं.

या एका फासामुळेच आणखी एक गोष्ट झाली, ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मोजे विणायचं यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली केलं. पण खरा क्रोशा विणणारं यंत्र आजही बाजारात नाही. दुकानात क्रोशासारखं दिसणारं यंत्राचं कापड मिळतं, ते वेगळ्या विणीचं असतं. याचा अर्थ असा, की खऱ्या क्रोशाची कुठलीही वस्तू तुम्ही हातात घेतली, कितीही स्वस्त घेतली, तरी तिचा एकूण एक टाका कुणाच्या तरी बोटांनी घातलेला असतो.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी अगदी साधी पट्टी सांगतो. २० नंबरचा सुती दोरा घ्या आणि १.२५ मिलिमीटरची स्टीलची सुई. ७४ साखळ्या घाला. सुईपासून आठव्या साखळीत पहिला खांब. मग दोन साखळ्या, खालच्या दोन साखळ्या सोडून तिसरीत खांब. पुन्हा दोन साखळ्या, दोन सोडून खांब. असं शेवटपर्यंत गेलात की २३ चौकोनी घरं मोजून भरतील. वळताना पाच साखळ्या घाला आणि खांबावर खांब ठेवत परत या. अशा चार ओळी झाल्या की चारी बाजूंनी मुक्या खांबांची कड. मुका खांब म्हणजे सुईवर आधी दोरा न गुंडाळता घातलेला, तो बुटका राहतो. पट्टी साधारण वीतभरापेक्षा थोडी कमी भरते. हात घट्ट असेल त्यांची आखूड भरेल, त्यांनी घरं वाढवावीत, तिनाच्या पटीत साखळ्या वाढवून.

फूल, पान, कंदील जे काही करायचं ते पट्टीवर करू नका. सुरुवातीला आम्ही ही चूक केली. पट्टीच्या मध्यावर फुगीर जास्वंद विणलं. दिसायला सुरेख, पण पुस्तक मिटेना, आणि दाबून मिटवलं तर त्या पानाला कायमचा फुगवटा. आत सपाट जाळी, आणि बाहेर लोंबणाऱ्या शेपटीला फूल, हेच बरोबर.

दुसरी चूक खळीची. रुमालाला, तोरणाला साबुदाण्याची किंवा पेजेची खळ देतात, तशी आम्हीही दिली. पट्टी कशी कडक, ताठ! पण खळ म्हणजे पिष्ट, आणि पिष्ट हे कसरीचं आवडतं खाणं. आपल्याकडे खाडीची हवा, त्यात पावसाळा. एका वाचनालयात भेट दिलेल्या आमच्या पट्टीने तिथल्या पुस्तकात कसरीला जेवायलाच बोलावलं. तेव्हापासून खळ बंद. पट्टी ओली करून टाचण्यांनी ताणून सुकवायची आणि वरून इस्त्री. तेवढी पुरते. टाचण्या न गंजणाऱ्या बघून घ्या. धातूचे मणी नकोत, त्यांचा डाग पानावर उतरतो. आणि लाल दोरा वापरण्याआधी पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून बघा. रंग सुटला तर तो तोरणासाठी ठेवा.

मोसमाचं म्हणाल तर आपल्या गावाइतकं सोयीचं गाव नाही. संक्रांतीला पतंग, पाडव्याला गुढी, आषाढात तुळस, गणपतीत जास्वंद. नयानगरात रमजानच्या दिवसांत क्रोशाच्या पांढऱ्या टोप्या दिसतात, त्याच विणीवरून चंद्रकोर सुचली. उत्तनच्या बाजूला नाताळात चांदण्या जातात. पण आमचं सगळ्यात लाडकं म्हणजे आपट्याचं पान. दोन पाकळ्या जोडल्या की झालं, आणि दसऱ्याला पुस्तकांचीही पूजा असते, म्हणजे खूण जाऊन बसते ती योग्य जागी. आणि मग दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला वाचायला काहीतरी जाडजूड येतंच. ते वाचून संपतं संक्रांतीला. एवढे दिवस खूण नको का? अंकाला बांधून आकाशकंदिलाची शेपटी द्यायची, भेट पुरी होते.

आता मुख्य गोष्ट. पहिली दोन वर्षं आम्ही या पट्ट्या भेट म्हणून देत होतो. मग सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात टेबल मिळालं. किंमत काय लावायची यावर चर्चा झाली ती चहा संपेपर्यंत. दोऱ्याचे पाच रुपये होतात, तर वीस लावू, असं ठरलं. 'आपल्याला काय पैसे कमवायचेत का?' हे वाक्य आमच्यातल्या चौघींनी तरी उच्चारलं असेल. पट्ट्या तासाभरात संपल्या. आम्ही खूश.

सहावी मात्र गप्प होती. तिचं नाव सांगत नाही. पोळीभाजी केंद्र गुडघ्यांमुळे बंद झालेलं, नवरा गेलेला, औषधांचा खर्च दर महिन्याचा. ती मेळ्याच्या आधीपासून ओळखीच्या दोन दुकानांना क्रोशाच्या वस्तू देत होती, त्यात वाचनखुणाही होत्या, साठ रुपयांच्या. मेळ्यानंतरच्या आठवड्यात एका दुकानदाराने तिला सांगितलं, 'काकी, तुमच्याच सोसायटीत वीसला मिळते, मी साठला कशी ठेवू?' हे तिने आम्हाला कधी सांगितलं? दीड वर्षाने. आणि तेही सहज, विणता विणता, मान वर न करता.

आम्हाला हिशेब येत नव्हता असं नाही, आम्ही तो केला नव्हता. एका पट्टीला दीड तास लागतो. वीसातून दोऱ्याचे पाच गेले, उरले पंधरा. म्हणजे तासाला दहा रुपये. आमच्याच घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना हा दर सांगायची आमची हिंमत झाली नसती. आम्ही आमचा वेळ शून्य धरला, आणि आमच्या शेजारी बसलेल्या बाईचाही वेळ शून्य करून टाकला. तिला न विचारता.

अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये जोड्याचं उदाहरण दिलं आहे. जोडा पायात घालता येतो आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही घेताही येतं. वस्तू तीच, उपयोग दोन. हे आम्ही वर्गात किती वर्षं शिकवलं असेल! पण टेबलावर पट्ट्या मांडताना ते सुचलं नाही. देणं हा एक व्यवहार आहे, विकणं हा दुसरा. भेटीत किंमत विचारली जात नाही, कारण तिथे नातं असतं. संक्रांतीचं वाण आपण 'लुटतो' म्हणतो, विकत नाही. विक्रीत नातं नसतं, म्हणून तिथे किंमत खरी असावी लागते. आम्ही काय केलं? भेटीची किंमत लावून विक्री केली. त्यातून घेणाऱ्याला भेट मिळाल्यासारखं वाटलं, आम्हाला दानाचं समाधान मिळालं, आणि या दोन्हींचे पैसे भरले तिसरीने.

हे फक्त आमच्या सोसायटीचं नाही. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना लेस विणायला शिकवलं आणि पुढे तो माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे जाऊन अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९८२ साली आलं. त्यांना दिसलं ते असं: बायका दिवसाचे कितीतरी तास विणायच्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नसे. त्या 'गृहिणी', आणि विणकाम म्हणजे रिकाम्या वेळेचा विरंगुळा. एकदा विरंगुळा म्हटलं की मजुरी कितीही कमी ठेवता येते. व्यापार करणारे पुरुष मात्र व्यापारीच म्हणवले जायचे. आमच्या 'आपल्याला काय पैसे कमवायचेत का' या वाक्यात तेच सगळं भरलेलं होतं. फरक इतकाच की ते आमच्याकडून कुणी वदवून घेतलं नाही, आम्ही आपणहून म्हटलं.

यावर एक आक्षेप आमच्यातूनच आला. ज्या कामात आनंद मिळतो त्याचे पैसे का घ्यावे? बरोबर वाटतो ना? पण तत्त्वज्ञान शिकवण्यात आम्हाला अतोनात आनंद मिळत होता, आणि पगार एक तारखेला जमा होत होता. तो परत करावा असं एकदाही मनात आलं नाही. आनंद हा मजुरीतून वजा करायचा, हा नियम बायकांच्या हातकामालाच का लावायचा?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. किंमत वाढवली तर कोण घेणार? आम्ही ऐंशी लावून बघितली. मेळ्यात जिथे साठ पट्ट्या गेल्या होत्या तिथे अकरा गेल्या. एका गृहस्थांनी पट्टी हातात घेऊन सांगितलं की एवढ्यात तर नवं पुस्तकच येईल. रद्दीवाल्याकडे येईलही. त्यांना आम्ही दोष देत नाही, वीसाची सवय आम्हीच लावली होती.

मग सहाव्या बाईंनाच विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मेळ्यातली एकेक पट्टी विकून त्यांचं भागत नाही, त्यांना वाणाची घाऊक ऑर्डर हवी, एका रंगात, एका नमुन्यात, पन्नास नग. नमुना एकच असला की हात धावतो. कंदिलाची शेपटी काढून साधा गोंडा लावला की पट्टी पाऊण तासात होते. ती त्या पंचेचाळीसला देतात. दोरा चार रुपयांचा, म्हणजे तासाला पन्नासाच्या वर पडतात. थोर नाही, पण दहा नाहीत.

आता आमची रीत अशी. आम्ही पाचजणी विकत नाही. दिली तर भेट, आणि कुणी किंमत विचारली तर सहाव्या बाईंचा दरवाजा दाखवतो. मेळ्याच्या टेबलावर त्यांचाच माल असतो. आम्ही बसतो ते शिकवायला आणि घासाघीस करणाऱ्यांशी बोलायला. ते काम आम्हाला बऱ्यापैकी जमतं, वर्गात उलट प्रश्न विचारायची सवय आहे. मागच्या संक्रांतीला त्यांना तीन घरांच्या ऑर्डरी मिळाल्या. त्यातल्या एका घरच्या हळदीकुंकवाला वाण त्यांच्या हातचं होतं, आणि बोलावणं मात्र आम्हा चौघींनाच आलं. विधवा म्हणून त्यांना वगळलं. आम्ही गेलो नाही. त्यांनी मात्र आम्हाला रागावून सांगितलं, 'तुम्ही गेला असतात तर पुढची ऑर्डर पक्की झाली असती.' यावर काय उत्तर द्यायचं ते आम्हाला अजून सुचलेलं नाही.

वेळ झाली म्हणून खूण करताहेत. मागच्या टेबलावर दोरा आणि सुया ठेवल्या आहेत, सहाव्या बाईही तिथेच बसल्या आहेत. साखळी आणि खांब दहा मिनिटांत येतो, चष्मा असेल तर लावून या. नमुन्याच्या पट्ट्यांना हात लावून बघा, किमती चिठ्ठीवर लिहिल्या आहेत.