अथेनाचा पिंगळा आणि पेवात गेलेली लेक: ग्रीक देवी रंगवताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारं 'म्हणजे बघा' तेवढं गाळलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

लातूर आणि नांदेडमध्ये मी सात ते दहा वर्षांच्या लेकरांसोबत रंगवण्याचे छोटे वर्ग घेते. त्यात ग्रीक देवींची चित्रं आणली, तेव्हा एका आईनं सरळच विचारलं, "ताई, माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी इतक्या जवळ असताना ही परक्या मुलखाची देवी कशाला?" प्रश्न रास्त आहे. आजचा भाग म्हणजे त्याचंच उत्तर.

आधी आपलं तेर. गोरोबाकाकांचं गाव, लातूरहून फार लांब नाही. त्याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा व्यापारी माणसानं ग्रीक भाषेत समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड भडोचच्या बंदरात जातं, असं नोंदलंय. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तशीच एक इटलीतल्या पाँपेईत 1938 साली सापडली, इ.स. 79 मधल्या ज्वालामुखीच्या राखेखालून. म्हणजे आपल्याकडची बाहुली तिकडे गेली असणार, असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा परका मुलूख म्हणायचा तर तो आपल्याशी दोन हजार वर्षांपूर्वीपासून देवघेव असलेला आहे.

आता रंगाचं. ग्रीक मूर्ती म्हटलं की पांढरा शुभ्र संगमरवर डोळ्यापुढे येतो. पण त्या मुळात रंगवलेल्या होत्या! अथेन्सच्या अक्रोपोलिसवर 1886 साली एका तरुणीची मूर्ती मिळाली, इ.स.पू. 530 च्या सुमाराची, तिच्यावर रंगाचे अंश शिल्लक होते. गेरू, हिंगूळ, मंजिष्ठा, तांब्यापासून केलेला निळा असे रंग ते लोक वापरत. पाऊस, ऊन आणि माती यांनी ते उडाले आणि मग युरोपातल्या लोकांनी पांढऱ्यालाच सौंदर्य ठरवलं. 2003 मध्ये म्युनिकला रंगवलेल्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं तेव्हा बऱ्याच जणांना ते भडक वाटलं. आपल्या लेकरांना मात्र यात काहीच नवल वाटत नाही. माहूरच्या रेणुकेचा शेंदरी मुखवटा ज्यानं पाहिलाय, त्याला देवी रंगीत असते हे सांगावं लागत नाही. कोऱ्या चित्रात रंग भरणं म्हणजे उडालेला रंग परत लावणं, एवढं सांगितलं की पोरं हात धुऊन मागे लागतात.

पहिलं चित्र मी नेहमी अथेनाचं देते. डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला, बाजूला पक्षी. पक्षी घुबड आहे म्हटलं की नांदेडमध्ये एक पोरगी म्हणाली, "अशुभ असतंय ते, आजी म्हणते." मी म्हटलं, नीट बघ, हा पिंगळा आहे. आपल्या चिंचेच्या ढोलीत दिवसाही डोकावणारा, पांढऱ्या ठिपक्यांचा. आणि गंमत अशी की शास्त्रज्ञांनी पिंगळ्याच्या वंशाला नावच 'अथीनी' दिलंय, या देवीवरून. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला हा पक्षी असायचा. ठिपके कसे ठेवायचे यावर त्या दिवशी वर्गात पाऊण तास गेला. मेणाचा पांढरा खडू आधी घासायचा आणि वरून जलरंग फिरवायचा, हे उत्तर त्यांचं त्यांनीच काढलं.

हेरा मोरामुळे सोपी जाते, आर्टेमिस हरणामुळे. हेस्तिया चुलीची देवी, तिच्या गोष्टी फार नाहीत, पण आमच्याकडे तिच्यापुढे तीन दगडांची चूल आणि तव्यावर भाकरी आली. आफ्रोदितीचं चित्र निवडताना एक सांभाळा. तिची उघडी मूर्ती ही इ.स.पू. चौथ्या शतकातली रूढी, त्याआधीच्या चित्रांत ती वस्त्र नेसलेली आहे. तीच घ्या, घरी कुणी कपाळाला आठ्या घालणार नाही.

पण सगळ्यात जास्त रमतात ती देमेतरपाशी. धान्याची देवी. पाताळाचा राजा तिची लेक पर्सेफनी हिला पळवून नेतो. आई वेडीपिशी होऊन फिरते, म्हातारीचं रूप घेऊन एका विहिरीजवळ बसते, तिथे पाणी भरायला आलेल्या मुली तिला घरी नेतात. जुन्या स्तोत्रात हे असंच आहे. ती रुसते, जमिनीतून काही उगवत नाही. शेवटी लेक परत येते, पण तिनं खाली डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खालीच राहावं लागतं.

पुस्तकांत हा काळ थंडीचा म्हणून सांगतात. लातूरच्या लेकराला ते पटत नाही. थंडीत तर आपल्याकडे ज्वारी डोलते, वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कोपीत पूजा होते, आंबील आणि भज्जी असते! जमीन उजाड होते ती उन्हाळ्यात. आणि खरं सांगू, ग्रीसमध्येही गहू शरदात पेरतात, उन्हाळ्याच्या तोंडाला कापतात, पुढे जमीन कोरडी ठाक. काही अभ्यासकांनी म्हणूनच असा अर्थ लावलाय की लेक पाताळात जाते म्हणजे बियाणं जमिनीखालच्या साठ्यात जातं. एका मुलाच्या आजोबांनी हे ऐकून एकच शब्द उच्चारला, "पेव." बरोबर, आपलं धान्याचं पेव! तेव्हापासून माझ्या चित्रात पर्सेफनी पेवात बसते.

त्याच चित्रात आईच्या दुःखाच्या बाजूला एका पोरानं टँकर काढला, पुढे रंगीत घागरींची रांग. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. घरात ऐकलेलं असणार. मी ते खोडायला सांगितलं नाही. देमेतर विहिरीवर बसलेलीच होती, तिच्याभोवती घागरी शोभतात.

एक गोष्ट मात्र मी अडवते. पेटीतल्या फिकट गुलाबी खडूला मुलं 'स्कीन कलर' म्हणतात आणि देवी म्हटली की तोच उचलतात. स्वतःचा हात चित्राशेजारी ठेवायचा आणि त्याच्याशी जुळेल असा तपकिरी मिसळायचा, हा आमचा नियम. जुन्या ग्रीक मडक्यांवर बायका पांढऱ्या आणि पुरुष काळे रंगवत. बाई घरात बसते, उन्हात जात नाही अशी त्यांची समजूत. अथेन्समध्ये देवीला मंदिर होतं, बाईला सभेत मत नव्हतं. मोठ्या मुलींना हे सांगितलं की त्या जरा वेळ गप्प होतात आणि मग अथेनाला चांगली रापलेली रंगवतात.

कुणाला घरी करायचं असेल तर साध्या झेरॉक्सच्या कागदावर स्केचपेन उमटून पलीकडे जातात, तेलखडू बरे. जलरंग द्यायचे तर ड्रॉइंग शीटवर छापून घ्या. आणि ज्या आईनं प्रश्न विचारला होता, तिच्या मुलीनं कागदाच्या मागच्या बाजूला रेणुका काढलीय. पुढे अथेना, मागे रेणुका. आता तो कागद भिंतीवर कुठल्या बाजूनं लावायचा यावर त्यांच्या घरी वाद चालू आहे.