नळीने उतरणारे ऊन

डिसेंबरच्या अखेरीस स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतोदेखील! मुले शाळेतून घरी येतात तेव्हा दिवेलागण झालेली असते. बरे, मधल्या ६ तासांत तरी ऊन भरपूर मिळावे, तर तेही नाही. भर माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. समोर चार मजली इमारत किंवा उंच झाडांची रांग असली, की संपलेच. आभाळ भरून आले असेल तर विचारायलाच नको.

अशा मुलखात उजेड ही हौसेची बाब राहत नाही. हिवाळा लागला की मन उदास होणे, झोप वाढणे, गोडाधोडाची वखवख सुटणे आणि वसंत आला की सारे आपोआप निवळणे, हा अनुभव तिकडे अनेकांचा. त्याला आजार म्हणून नाव मिळाले ते १९८४ मध्ये, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यातला हा बदल त्यांना स्वतःलाच जाणवला होता.

उजेड हवा की ऊब?

मग तिथल्या लोकांनी घरांना मोठमोठ्या खिडक्या का ठेवू नयेत? ठेवतातही, पण त्याची किंमत मोजावी लागते. चांगली दुहेरी काचेची खिडकीसुद्धा तेवढ्याच आकाराच्या नीट बांधलेल्या भिंतीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त ऊब बाहेर घालवते. बाहेर उणे २० अंश तापमान असताना घर तापवण्याचा खर्च काही लहान नसतो. काश्मीरमध्ये थंडी पडू लागली, की खिडक्यांवर प्लॅस्टिक ताणून बसवणारी घरे दिसतात. उजेड थोडा मंदावला तरी चालेल, पण वारा आत येता कामा नये!

खिडकी ठेवली तरी तिचा उजेड भिंतीपासून काही फुटांपर्यंतच पोचतो. घराच्या पोटात असलेले बोळ, न्हाणीघर, जिना, कपड्यांची खोली दिवसाही अंधारीच राहतात. आपल्याकडे कोकणातल्या कौलारू घरात या अंधारावर साधा उपाय होता. माजघरावर एक काचेचे कौल बसवायचे. देशावरच्या धाब्याच्या घरांना त्यासाठी छतात साणे ठेवत. पण थंड प्रदेशातल्या घराला छपराखाली माळा असतो आणि त्याच्या तळाशी, म्हणजे खोलीच्या छतावर, फूटभर जाडीचा उष्णतारोधक थर पसरलेला असतो. घराची ही जणू रजईच. तिला मोठे भोक पाडून कसे चालेल?

इथे कामाला येते ती उजेडाची नळी.

आरशाचा बोगदा

उजेडाला वळवून आत आणण्याची कल्पना काही आजची नाही. लाकडी जहाजांच्या डेकमध्ये काचेचे लोलक बसवून खालच्या अंधाऱ्या भागात उजेड नेत. लंडनच्या अरुंद गल्ल्यांतल्या खिडक्यांबाहेर तिरपे आरसे बसवण्याचा धंदा पॉल एमिल शापुई याने १८५० च्या दशकातच सुरू केला होता. घराच्या छपरात बसणारी आजची नळी मात्र ऑस्ट्रेलियातली. १९८० च्या दशकात ती तयार झाली आणि १९९१ पासून बाजारात आली. उन्हाची ज्यांना कधीच ददात नव्हती त्यांनी ही युक्ती काढावी, ही गंमतच!

रचना सोपी आहे. छपरावर एक पारदर्शक घुमट. त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत अशी ॲल्युमिनियमची नळी, माळ्यातून खाली येणारी. शेवटी खोलीच्या छतात दुधी काचेसारखी गोल तबकडी, जी उजेड चोहीकडे पसरवते. पाहणाऱ्याला वाटावे, दिवाच लावला आहे. चौदा इंच व्यासाच्या नळीला छतात सव्वा चौरस फुटापेक्षाही कमी जागा लागते.

सारी मदार असते ती आतल्या चकाकीवर. समजा, नळी ७ फूट लांब आणि १४ इंच रुंद आहे. सूर्य ४५ अंशांवर असेल, तर किरण भिंतीवर सुमारे ६ वेळा आपटून खाली पोचतो. दर वेळी शंभरातले ९९ भाग परत फेकणारे अस्तर असेल तर ९४ भाग उजेड खाली येतो. ९५ भाग परत फेकणारे असेल तर सुमारे ७३. फरक आहे, पण फार नाही. आता हीच नळी डिसेंबरात स्टॉकहोमला न्या. सूर्य ७ अंशांवर, म्हणून किरण ४७-४८ वेळा आपटणार. चांगल्या अस्तरातून तरीही शंभरातले ६२ भाग उतरतात. दुसऱ्यातून केवळ ९! हिशेब ढोबळ असला तरी त्यातून एक गोष्ट कळते. उष्ण प्रदेशात खपून जाणारा स्वस्त माल थंडीच्या देशात साफ निकामी ठरतो. कपड्याच्या घडीसारखी वळणारी लवचिक नळी तर तिथे टाळावीच. तिच्या सुरकुत्यांतच निम्मा उजेड हरवतो.

शिवाय इतक्या खाली असलेल्या सूर्याचे किरण नळीच्या तोंडात मुळात पडतातच थोडे. म्हणून काही घुमटांमध्ये आडवे किरण खाली वळवणाऱ्या रेषा किंवा छोटा आरसा बसवलेला असतो.

गळती छपराची नव्हे, घराचीच

थंड प्रदेशात या नळीविषयी सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे तबकडीतून पाणी ठिबकते. घरमालक छपरावर माणूस चढवतो, तो सांधे पुन्हा भरून देतो आणि आठवड्याने ठिबकणे पुन्हा सुरू! कारण पाणी बाहेरून आलेलेच नसते. उकळत्या दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवले, की वाफ त्याला लागून थेंब पडतात. इथे पातेले म्हणजे न्हाणीघर आणि झाकण म्हणजे बर्फात गारठलेला घुमट. खोलीतली उबदार, दमट हवा नळीत शिरते, वर जाऊन थंड होते आणि तिचे पाणी होते. थंडी कडक असेल तर आधी बर्फ धरते आणि ऊन पडल्यावर एकदम धार लागते.

उपाय वर नसून खाली आहे. छताच्या पातळीवर रबरी पट्टी लावून नळीचे तोंड हवाबंद करायचे, तबकडी दुहेरी घ्यायची आणि माळ्यातून जाणाऱ्या नळीला उष्णतारोधक आवरण गुंडाळायचे. प्रत्येक जादा पडदा थोडा उजेड खातो, हे खरे. पण थंडीत हा सौदा परवडतो. आवरण नसले तर दुसरेही नुकसान होते. नळीभोवती झिरपणाऱ्या उबेने छपरावरचे बर्फ वितळते, पाणी वळचणीपर्यंत वाहते आणि तिथे पुन्हा गोठून बांध घालते. मग त्यामागे तुंबलेले पाणी खरोखरच छपरातून घरात येते!

कुठे बसवावी, कुठे नाही

विजेची बचत होईल म्हणून नळी बसवायची असेल, तर आज हिशेब जमणे कठीण. पूर्वी ६० वॅटचा दिवा जेवढा उजेड देई तेवढा आता ९ वॅटचा एलईडी देतो. नळी बसवायची ती दिवसाच्या उजेडासाठीच. ढग आला की मंदावणारा, पुन्हा उजळणारा तो उजेड कोणताच दिवा देत नाही. खिडकीतून दिसणारे झाड किंवा येणारी झुळूक नळीतून मिळत नाही. हिवाळ्यातल्या उदासीवरचा उपचार म्हणूनही तिच्याकडे पाहू नये. त्यासाठी डॉक्टर सहसा १०,००० लक्स इतका प्रखर उजेड सकाळी अर्धा तास घ्यायला सांगतात. नळीखालच्या बोळात तेवढा नसतो. आणि नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या गावी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिथे त्या दिवसांत नळीतून येणार तरी काय?

आपल्या लेहची गोष्ट वेगळी. थंडी कडाक्याची, पण डिसेंबरातही दुपारचा सूर्य ३२ अंशांवर आणि आभाळ बहुधा निरभ्र. तिथे दक्षिणेकडची काचेची खोली ऊब आणि उजेड दोन्ही देते. नळीचा विचार करायचा तो आतल्या अंधाऱ्या खोल्यांपुरता, आणि सपाट मातीच्या छतातून पाणी झिरपणार नाही याची खात्री करूनच.

निजायच्या खोलीत नळी बसवताना उत्तरेकडचे लोक आणखी एक वस्तू विकत घेतात. तबकडीच्या वर बसणारी, बटण दाबले की मिटणारी झडप. कारण जूनमध्ये त्याच स्टॉकहोममध्ये सूर्य पहाटे साडेतीनला उगवतो.