देवाचा धाक आणि मोंढ्यातला काटा

"देवाचा धाक नसला, तर माणसाला अडवणार कोण?" परभणीत हा प्रश्न लग्नाच्या मांडवात, एसटीत, कुठेही कानावर येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं; आपण वाद जिंकलाच, असा त्याचा चेहरा असतो. असं मानणारे थोडेथोडके नाहीत. प्यू रिसर्च सेंटरने 2019 मध्ये 34 देशांत विचारणा केली, तेव्हा नीतीने वागायला देव मानावाच लागतो असं भारतात 79 टक्के लोक म्हणाले. स्वीडनमध्ये 9 टक्के. आता स्वीडन काही लुटारूंचा देश नाही. सर्वांत कमी भ्रष्टाचाराच्या देशांत तो नेहमी असतो. त्याला श्रीमंती, शिक्षण, कायदा अशी कारणं असतील. पण देव सुटला की समाज बुडतो, हे तिथे दिसत नाही.

स्वीडन राहू द्या, जिंतूरला जा. नेमगिरीच्या गुंफांत नेमिनाथ आणि पार्श्वनाथ आहेत. जैन दर्शन जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाही. तीर्थंकर शिक्षाही करत नाहीत आणि नवसालाही पावत नाहीत. तरी अहिंसा, सत्य, अस्तेय ही व्रतं इतकी कडक, की आपल्यातल्या भल्याभल्या भक्तांना झेपायची नाहीत. कुणी म्हणेल, तिथे कर्माचं भय आहे. असेल, पण वर बसून हिशेब ठेवणारा कोणी नाही, मुद्दा एवढाच आहे.

जिल्ह्यातले बौद्ध विहारही हेच सांगतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांची सुरुवातच देव नाकारण्याने होते. त्याच यादीत पुढे चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, हेही आहे. देव काढला म्हणून नीती गळून पडली नाही.

आणि समाजसुधारक आगरकर? ते ना ईश्वराच्या भरवशावर जगले, ना परलोकाच्या. एम. ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, ती सोडून त्यांनी शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारात आयुष्य काढलं. सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. कोणत्या धाकाने ते हे सोसत होते?

उलट बाजू मोंढ्यात बघा. आडतीच्या गादीवर लक्ष्मीचा फोटो, हार, सकाळची उदबत्ती. खाली काटा, आणि काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का. देवाचा धाक पुरला असता, तर दरवर्षी काटा तपासायचं कारणच काय होतं? हा आडत्यांवर आरोप नाही. बहुतेकांचा काटा चोख असतो. पण तो चोख राहण्यात शेजारच्या आडतीचा, गिऱ्हाईकाच्या नजरेचा, गावातल्या नावाचाही वाटा असतो. श्रद्धेमुळे चांगलं वागणारी माणसं आहेतच, ते कोण नाकारतंय? "फक्त श्रद्धेमुळेच" म्हणणं चूक आहे.

बरं, भक्ती म्हणजे भीती हे तरी कुठे खरं? गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला खुशाल शिव्या घालायची.

उरलेले गैरसमज थोडक्यात. नास्तिकता परदेशातून आली: चार्वाक आणि निरीश्वर सांख्य इथलेच. नास्तिक क्रूर असतात: स्टालिन होता, पण धर्माच्या नावाने कत्तली करणारेही होते. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा देवाविरुद्ध आहे: प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्या कायद्यातच लिहिलं आहे. वाचतंय कोण?