विकत घेतलेल्या गेमची किल्ली कोणाकडे?

समजा, तुम्ही पूर्ण पैसे मोजून पीसी गेम घेतलात. तो किती कॉम्प्युटरवर टाकायचा, हे कोण ठरवणार? २००८ मध्ये 'स्पोर' आला तेव्हा उत्तर होतं, कंपनी! सेक्युरॉम या कॉपी प्रोटेक्शनमुळे तो फक्त तीन कॉम्प्युटरवर अ‍ॅक्टिव्हेट व्हायचा. ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एकेक स्टार देऊन राग काढला, मग मर्यादा पाचवर गेली. गंमत म्हणजे, कुलूप तोडलेली प्रत गेम बाजारात येण्याआधीच टोरेंटवर फिरत होती.

२०१० मध्ये पीसीवर 'असॅसिन्स क्रीड २' खेळायला सतत इंटरनेट लागायचं. मार्चमध्ये युबिसॉफ्टचे सर्व्हर बंद पडले आणि पैसे भरलेलेच लोक ताटकळले. २०१५ च्या विंडोज १० ने सुरक्षेच्या धोक्यामुळे सेफडिस्कला आधार दिला नाही, आणि त्यावर अवलंबून असलेल्या अनेक जुन्या अस्सल डिस्क निकामी झाल्या.

म्हणजे कुलूप निरुपयोगी? थांबा, एवढ्या घाईने निष्कर्ष नको. सुरुवातीच्या आठवड्यांत विक्री जोरात असते. तेवढा काळ कुलूप टिकलं तरी कंपनीला फायदा होऊ शकतो. पण प्रत्येक फुकट डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री, असंही धरता येत नाही. फुकट मिळालाच नसता, तर त्या माणसाने तो विकत घेतला असता का? ही न घडलेली गोष्ट मोजणं, हाच खरा अवघड भाग.

आणि ग्राहकाचा मनस्ताप विक्रीच्या आकड्यांत दिसतच नाही. म्हणून स्वतःचा संशोधन-प्रश्न लिहिताना आधी विचारा: किंमत कोण मोजतंय, आणि ते माझ्या डेटात येतंय का?