ड्रिल मशीन हवेत फिरवून कळत नाही

धामणगाव बढे इथल्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉलीचं काम असो की घरच्या भिंतीत टाकीचा ब्रॅकेट ठोकायचा असो, ड्रिल मशीनशिवाय पान हलत नाही. विकत घेताना मात्र आपण किंमत आणि खोक्यावरचे वॅट एवढंच पाहतो. दुकानदार प्लग लावून मशीन हवेत घरघर फिरवतो, आपण पैसे मोजतो. ही परीक्षा नव्हे. लोड नसताना कोणतंही ड्रिल जोरातच फिरतं.

वॅटचा आकडा मशीन वीज किती ओढतं ते सांगतो, बिटाच्या टोकाला किती ताकद पोचते ते नाही. आतल्या कार्बन-आर्मेचरच्या मोटरमध्ये बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. म्हणून खरी परीक्षा लोखंडावर. सहा मिलिमीटरची पट्टी शिकंज्यात धरा, 10 मिलिमीटरचं धारदार बिट लावा आणि सारख्या दाबाने भोक पाडा. चांगलं मशीन आवाज थोडा उतरवतं, पण रडत नाही. साध्या लोखंडात या बिटाला मिनिटाला साधारण 800 ते 950 फेरे पुरतात. 2600 फेऱ्यांचं छोटं मशीन तेच बिट निळं करून धार घालवतं. जास्त आरपीएम म्हणजे चांगलं मशीन, ही समजूत बिटांचा खर्च वाढवते. चकही पाहा: हळू फिरवताना बिटाचं टोक डोळ्यांना दिसेल इतकं डोलत असेल, तर भोक मोठं पडणारच.

आपल्याकडे आणखी एक परीक्षा हवी, ती कमी व्होल्टेजची. 230 व्होल्टचं मशीन 180 वर चालवलं तर ताकद ढोबळमानाने 61 टक्क्यांवर येते. शेतीपंप सुरू झाले की खेड्यात व्होल्टेज उतरतो, हे इथे कुणाला सांगायला नको. त्यात लांबलचक बारीक वायर जोडली की आणखी घट. अशा वेळी मशीन अडतं, माणूस जोर लावतो आणि आर्मेचर जळतं.

मशीन किती तापलं हे प्रयोगशाळेत हात लावून ठरवत नाहीत. थंड असताना फील्ड कॉईलचा रोध मोजतात, लोडवर चालवून लगेच पुन्हा मोजतात. 30 अंशांवर सुरुवात केली आणि तांब्याचा रोध 20 टक्के वाढला, तर वायंडिंग सुमारे 53 अंशांनी तापलेलं असतं. रिवायंडिंगच्या दुकानात चांगला मीटर असला तर हे तिथेही जमतं.

सुरक्षेत तडजोड नकोच. चौकोनात चौकोन ही खूण दुहेरी इन्सुलेशनची, अशा मशीनला अर्थिंगची वायर लागत नाही. खूण नसेल तर तीन पिनचा प्लग आणि खरंखुरं अर्थिंग हवं. ओल्या भिंतीवर, अनवाणी उभं राहून तर मशीन चालवूच नये.

सुट्या भागांचंही आधी विचारा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्सने अशी हत्यारं महाराष्ट्रातच बनवली आहेत. तेव्हा कार्बन आणि आर्मेचर मिळत नाही असं मशीन स्वस्त असलं तरी घेऊ नये. दुकानात जाताना आपली लोखंडी पट्टी आणि बिट सोबत न्या, आणि भोक पाडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.