तेर: तेरणेकाठचे जुने 'तगर'

ठिकाण : धाराशिव जिल्हा, तेरणा नदीचा काठ. जिल्ह्याच्या गावापासून अंतर सुमारे 20 किमी.

नाव : प्राचीन 'तगर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर दाखवले आहे. इथले साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. तगर म्हणजेच तेर, ही ओळख पुरालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी पटवली. पुढे शिलाहार राजे, राज्य कोकणात किंवा कोल्हापुरात असूनही, 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरवत.

त्रिविक्रम मंदिर : विटांचे. मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. ही घडण बौद्ध चैत्यगृहाची. आत मूर्ती मात्र पाय उचललेल्या विष्णूची.

संत गोरा कुंभार : ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. समाधी इथेच. मडकी थोपटण्याच्या थापटण्याने त्यांनी संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा प्रसिद्ध आहे. थापटणे म्हणजे लाकडी फळी. ओले मडके आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून तिने ठोकतात.

संग्रहालय : रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले, आता शासकीय. सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. पॉम्पेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीची.